उसनी स्वायत्तता : जेंकिन्स यांचा अहवाल आणि मर्सिए यांचे पत्र

जिंकलेल्या मुलखाचा कारभार कसा चालवावा, या विषयावर जगाच्या दप्तरांत पुष्कळ लिखाण पडून आहे. ते बहुतेक जिंकणाऱ्यांनी लिहिलेले आहे. ज्यांचा मुलूख गेला त्यांच्या बाजूने लिहिलेले त्या मानाने थोडे. आणि त्यातही चर्चमध्ये भाविकांसमोर वाचून दाखविलेले तर अगदीच विरळा. प्रस्तुत लेखात आम्ही या दोन जातींच्या लिखाणाचा एकेक नमुना शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत. पहिला नमुना म्हणजे नागपूरचे ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी नागपूरकर राजांच्या मुलखाविषयी लिहिलेला इंग्रजी अहवाल. तो १८२७ साली कलकत्त्यास छापला गेला. दुसरा नमुना म्हणजे बेल्जियममधील मेखेलेनचे महागुरू कार्डिनल देझिरे मर्सिए यांनी १९१४ च्या नाताळात, जर्मन फौजांच्या ताब्यात सापडलेल्या आपल्या लोकांना लिहिलेले पाळकीय पत्र.

या दोहोंत सत्त्याऐंशी वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर आहे. एक सरकारी कागद, दुसरा धर्मपीठाचा. परंतु दोघांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. परक्याच्या हुकमतीखाली गावाला, नगराला, पंचायतीला आपला कारभार आपण पाहण्याची मुभा मिळते, तेव्हा त्या मुभेला स्वायत्तता म्हणावे काय? हा लेख आम्ही जवाहरनगरहून लिहीत आहोत. आयुध निर्माणीची ही वसाहत भंडारा जिल्ह्यात आहे, आणि जेंकिन्स यांच्या काळचा वैनगंगा जिल्हा म्हणजे आपल्या पायाखालचीच जमीन होय. तेव्हा बेल्जियमची गोष्ट वाचताना आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतो आहोत असे वाटण्याचे कारण नाही.

आधी घटनाक्रम थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांची गाठ पडली. कंपनीचा जय झाला. अप्पासाहेब भोसले यांना काही काळ गादीवर राहू देण्यात आले. पण १८१८ च्या मार्चमध्ये त्यांना कैद करण्यात आले आणि मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले. जूनमध्ये तिसरे रघूजी या अल्पवयीन मुलाला गादीवर बसविण्यात आले. राजवाड्याची आणि बालराजाची देखरेख बाकाबाई या वृद्ध राजस्त्रीकडे राहिली आणि राज्याचा कारभार जेंकिन्स यांनी राजाच्या नावाने आपल्या हाती घेतला. प्रत्येक जिल्ह्यावर एक युरोपियन सुपरिंटेंडेंट नेमला गेला. पूर्वी वैनगंगेचा कारभार लांजीहून चाले. १८२०-२१ च्या सुमारास जिल्ह्याचे ठाणे भंडाऱ्यास आले. १८२६ च्या तहाने सज्ञान झालेल्या राजाला राज्याचा काही भाग परत मिळाला आणि १८२९ च्या तहाने उरलेले जिल्हेही परत देण्याचे ठरले. पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून वारले. लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ साली राज्य खालसा केले आणि भोसल्यांच्या राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात काढले गेले.

आता अहवालाकडे वळू. जेंकिन्स हे सामान्य अधिकारी नव्हते. १८०७ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांनी नागपूरच्या रेसिडेन्सीचे काम हाती घेतले आणि सुमारे वीस वर्षे ते येथे राहिले. येथील माणूस, जमीन, पीक, जातीजमाती आणि जुना कारभार यांची त्यांनी तपशीलवार नोंद केली. आज नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याविषयी लिहू पाहणाऱ्या कोणालाही या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही. त्याची भाषा संथ आहे, मांडणी पद्धतशीर आहे. आणि मुख्य म्हणजे पाहिलेले लिहून ठेवण्याची त्यात मनापासूनची आस्था आहे. जुनी व्यवस्था मोडू नये, तिच्यातील दोष काढावेत आणि येथील माणसांच्या हातूनच कारभार चालवावा, हे त्यांच्या धोरणाचे सूत्र होते. परगण्यांवर कमाविसदार राहिले, गावात पाटील राहिले, हिशेब ठेवणारे पांडे राहिले, दिवाणी तंट्यांसाठी पंचायती राहिल्या. वसुलीतील छळ थांबविण्याचा आणि दरसाल नवा आकार लादण्याऐवजी काही वर्षांच्या मुदतीचे करार देण्याचा प्रयत्न झाला. पुढे इंग्रजी गॅझेटियरांनी या कारकिर्दीचा गौरव केला, तो अगदीच निराधार होता असे आम्हांस वाटत नाही. भोसल्यांच्या अखेरच्या वर्षांत पेंढाऱ्यांच्या धाडी आणि सरकारी मागण्या यांखाली पिचलेल्या कुणब्याला या बारा वर्षांत थोडा विसावा मिळाला असेल, तर तो त्याच्यापासून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग दोष कोठे? आमच्या मते तो वाक्यांच्या कर्त्यात आहे. अहवालात पाटील आहे, कमाविसदार आहे, पंचायत आहे. पण ही सर्व मंडळी कारभाराची साधने म्हणून येतात. कोणते साधन ठेवावे, कोणते दुरुस्त करावे, कोणते बाजूला सारावे हे ठरविणारा कर्ता एकच, आणि तो रेसिडेन्सीत बसलेला. गावच्या पाटलाला या व्यवस्थेत खरोखर काय म्हणता येत होते? तो वसुलीत सवलत मागू शकत होता, तक्रार घेऊन सुपरिंटेंडेंटपर्यंत जाऊ शकत होता. परंतु हे राज्य कोणाच्या अधिकाराने चालले आहे, हा प्रश्न विचारण्याची जागा त्या रचनेत नव्हती. ज्यांनी तो प्रश्न विचारला ते बंडखोर ठरले. १८१८ साली कामठा येथील जमीनदार चिमना पटेल यांनी अप्पासाहेबांच्या बाजूने शस्त्र उचलले. कॅप्टन गॉर्डन यांच्या फौजेने तो उठाव मोडून काढला. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याची ही हकीकत सरकारी लिखाणात शांतताभंगाच्या सदरात पडते. तीही स्थानिक स्वायत्ततेच्या इतिहासाचे एक पान असू शकते, अशी शंका त्या लिखाणाला शिवत नाही.

येथे पुण्याकडील उदाहरणाची जोड देणे उपयुक्त ठरेल. पेशव्यांचा मुलूख हाती आल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली त्या प्रदेशाविषयी असाच एक अहवाल लिहिला. वाङ्मय म्हणून तो जेंकिन्स यांच्या ग्रंथाहून अधिक आकर्षक आहे. वरचे सर्व सरकार नाहीसे झाले तरी आपल्या माणसांचे रक्षण करू शकेल अशी महाराष्ट्रातील गावगाड्याची घडण आहे, असे त्यांचे निरीक्षण होते, आणि म्हणून ती जपावी असे त्यांचे मत होते. पंचायतीला त्यांनी दिवाणी न्यायाचे मुख्य साधन मानले. तरीही काही वर्षांतच पंचायती निस्तेज झाल्या. असे का व्हावे? आम्हांस कारण असे दिसते की पंचांचा निवाडा अमलात आणण्याची शक्ती आता गोतात उरली नव्हती. ती कलेक्टरच्या कचेरीत गेली होती. ज्या पंचांच्या शब्दामागे आपल्या माणसांचे वजन नाही, त्यांच्याकडे लोक कशाला जातील? ते सरळ कचेरीची पायरी चढू लागले. सद्‌भावनेने राखलेली संस्थाही अशी पोकळ होऊ शकते.

आता युरोपकडे वळू. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये घुसल्या. काही आठवड्यांतच देशाचा बहुतेक भाग त्यांच्या ताब्यात गेला. डिसेंबरपासून मोरित्स फॉन बिसिंग हे गव्हर्नर जनरल झाले आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. बेल्जियमची जुनी नगरशासन परंपरा अतिशय बळकट होती. तेथील नगरपाल आणि नगरसभा यांना आपल्या अधिकारांचा मोठा अभिमान. जर्मन अधिकाऱ्यांपुढे व्यावहारिक अडचण अशी की सत्तर लाखांहून अधिक लोकांचा दैनंदिन कारभार आपल्या माणसांकरवी चालविणे त्यांना शक्य नव्हते. शिवाय १९०७ च्या हेग कराराने व्याप्त प्रदेशातील चालू कायदे, अगदीच अशक्य नसेल तर, पाळण्याचे बंधन ताबेदार सत्तेवर घातले होते. त्यामुळे नगरसभा राहिल्या, न्यायालये राहिली, पोलीस राहिले. वर प्रत्येक विभागावर एक जर्मन अधिकारी बसला. वैनगंगेकाठच्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये.

परंतु या राखलेल्या संस्थांकडून काम कोणते घेतले गेले? बेल्जियमच्या प्रांतांवर दरमहा ४ कोटी फ्रँकची युद्धखंडणी बसविण्यात आली आणि ती भरण्याची जबाबदारी त्यांच्याच प्रांतिक सभांवर टाकली गेली. ब्रसेल्सचे नगरपाल अडोल्फ मॅक्स यांनी सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मनांच्या पैशाच्या मागणीपुढे मान तुकविण्यास नकार दिला. त्यांना अटक होऊन युद्ध संपेपर्यंत जर्मनीत बंदिवासात राहावे लागले. १९१६ च्या शरदात बेल्जियन कामगारांना सक्तीने कामावर नेण्यास सुरुवात झाली. सुमारे १ लाख २० हजार माणसे नेली गेली. त्यासाठी नगरसभांकडे बेकारांच्या याद्या मागण्यात आल्या. अनेक नगरसभांनी त्या देण्याचे नाकारले. तूर्ने शहराला या नकारापायी दंडही सोसावा लागला. ज्या दप्तरात काल गरिबांना भाकरी वाटण्यासाठी नावे लिहिली, त्याच दप्तरातून उद्या त्यांना वेठीस धरून न्यावयाचे, असा तो पेच होता. स्थानिक संस्था जिवंत ठेवण्यात ताबेदार सत्तेचा लाभ कोणता, हे येथे उघडे पडते.

या पार्श्वभूमीवर मर्सिए यांचे पत्र वाचले पाहिजे. १ जानेवारी १९१५ रोजी ते चर्चमध्ये वाचण्यास प्रारंभ झाला. जर्मन अधिकाऱ्यांनी प्रती जप्त केल्या, कित्येक धर्मगुरूंना धरले, छापणाऱ्याला शिक्षा केली. कार्डिनलांवरही पाळत बसली. पत्राचा बहुतेक भाग जळालेली गावे, मारले गेलेले धर्मगुरू, उद्ध्वस्त लूव्हाँ यांविषयीच्या शोकाचा आणि धीराचा आहे. पण त्याचा कणा एका भेदावर उभा आहे. ताबेदार सत्ता ही न्याय्य अधिसत्ता नव्हे. म्हणून अंतःकरणातील आदर, निष्ठा, आज्ञापालन तिला देणे लागत नाही. मात्र सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी तिने घातलेले नियम, देशाशी द्रोह होत नसेल तोवर, बाह्यतः पाळावेत. न्याय्य सत्ता राजाची, देशाच्या शासनाची आणि लोकप्रतिनिधींची. तिच्यावाचून दुसरी नाही.

प्रथमदर्शनी हा भेद सोयीचा वाटेल. दिवसा हुकूम पाळावयाचा आणि मनात मात्र मानावयाचा नाही, यात कसले शौर्य? आम्हांस मात्र हाच त्या पत्राचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. जेंकिन्स यांच्या अहवालातील पाटलाला बाह्य आणि आंतर असे दोन कप्पेच नाहीत. त्याने वसूल भरला, गाव शांत ठेवले, की तो संतुष्ट आहे असे गृहीत धरले जाते. मर्सिए यांनी नेमके हे गृहीतक मोडले. शांत राहिलेला माणूस संमत असतोच असे नाही. नगरपालाने रस्त्यांवरचे दिवे लावावेत, कारण अंधारात त्याचेच लोक ठेचकाळतील. पण यादी मागितली जाईल तेव्हा थांबावे. कोणत्या ठिकाणी थांबावयाचे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच सहकार्याचा धोका पत्करता येतो. या दृष्टीने ते पत्र स्थानिक कारभाऱ्यांसाठी लिहिलेली एक नीतिपाठावलीच होय. त्यात भाववेग आहे, क्वचित अलंकारांचा भरही अधिक आहे. तरी त्यातील विचाराची कड बोथट होत नाही.

तथापि आपल्या माणसाचे लिखाण म्हणून त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करणे समीक्षेच्या धर्माला सोडून होईल. बेल्जियममध्ये फ्लेमिश आणि फ्रेंच असे दोन भाषिक समाज आहेत. वरिष्ठ शिक्षण आणि शासन यांत फ्रेंचचे वर्चस्व होते. फ्लेमिश शेतकऱ्याचा मुलगा विद्यापीठात गेला तर त्याला आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागे. १९०६ साली बेल्जियमच्या बिशपांनी, आणि त्यांत मर्सिए अग्रभागी होते, फ्लेमिश ही विद्यापीठीय शिक्षणास पुरी पडणारी भाषा नव्हे अशी भूमिका घेतली होती. राष्ट्राच्या स्वातंत्र्याविषयी इतक्या तळमळीने लिहिणाऱ्या या विद्वानाला आपल्याच कळपातील बहुसंख्य माणसांच्या भाषेचा प्रश्न तितक्या जवळून दिसला नाही. प्रार्थनेत आणि शिक्षणात आपल्या भाषेला स्थान मिळावे म्हणून ज्यांना वाट पाहावी लागली, अशा मराठी ख्रिस्ती वाचकांना ही उणीव निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि फॉन बिसिंग यांना हीच फट सापडली. फ्लेमिश लोकांना आम्ही न्याय देतो, असे म्हणत त्यांनी १९१६ साली घेंटचे विद्यापीठ फ्लेमिश केले. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'फ्लँडर्सची सभा' अस्तित्वात आली आणि मार्चमध्ये देशाच्या कारभाराचे दोन तुकडे करण्यात आले. फ्लँडर्सचे ठाणे ब्रसेल्सला, वालोनियाचे नामूरला. मागणी रास्त होती, यात संशय नाही. स्वतंत्र बेल्जियमने १९३० साली घेंटचे विद्यापीठ स्वतःहून फ्लेमिश केलेच. पण संगिनीच्या छायेत मिळालेले हे दान बहुसंख्य फ्लेमिश लोकांनीही नाकारले. पॉल फ्रेडेरिक हे घेंटचे इतिहासकार फ्लेमिश चळवळीचे जुने पाठीराखे. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले ती जर्मनांच्या हातून घेण्यास ते तयार झाले नाहीत. १९१६ च्या मार्चमध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी आँरी पिरेन यांना अटक करून जर्मनीत नेण्यात आले. पुढे फेब्रुवारी १९१८ मध्ये ब्रसेल्सच्या वरिष्ठ न्यायालयाने या फुटीर मंडळींवर कारवाईचा आदेश दिला. जर्मनांनी न्यायाधीशांना पकडले, तेव्हा देशातील न्यायसंस्थेने आपले काम थांबविले. साडेतीन वर्षे दिवे लावणारे हात येथे थांबले. मर्सिए यांनी आखलेली मर्यादा ती हीच.

हा विषय दुसऱ्या महायुद्धापर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही. मात्र तेथे तुलना जपून करावी लागते. १९३९ च्या ऑक्टोबरात पोलंडच्या एका भागात हान्स फ्रँक यांचा 'जनरल गव्हर्नमेंट' नावाचा अंमल सुरू झाला. गावचा मुखिया आणि ग्रामसमूहाचा प्रमुख एवढेच पोलिश अधिकारी राखले गेले, आणि त्यांच्या माथी धान्याचा वसूल व मजुरांचा पुरवठा मारण्यात आला. ज्यूंच्या वस्त्यांत नाझींनी ज्यू मंडळे नेमली. घरे, शिधा, दवाखाने, पोलीस यांचा कारभार त्यांच्याकडे. कागदावर ही तर मोठीच स्वायत्तता. २२ जुलै १९४२ रोजी वॉर्सातील ज्यूंना हलविण्याचा हुकूम निघाला. मंडळाचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकोव्ह यांनी दुसऱ्या दिवशी विष घेऊन आपले जीवन संपविले. आपल्याच लोकांची मुले मृत्यूच्या गाडीत चढविण्याच्या कामाला हातभार लावणे त्यांना शक्य झाले नाही. त्यांच्या त्या अंतिम कृतीचा न्याय करण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही. सांगावयाचे ते इतकेच की नकार देण्याची एकही सनदशीर वाट ज्या स्वायत्ततेत उरलेली नाही, ती माणसाला कोणत्या कड्यापर्यंत नेते हे तेथे दिसले. जेंकिन्स आणि फ्रँक यांना एका मापाने मोजणे हा घोर अन्याय होईल. एकाने बारा वर्षांनी का होईना मुलूख परत देण्याची वाट मोकळी केली. दुसरा न्युरेंबर्ग येथे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी १९४६ साली फासावर गेला. पण दोन्हीकडे खालच्या कारभाऱ्याला दिलेली जागा मात्र वरच्याच्या मर्जीने दिलेली होती. मर्जी चांगली असली तर गाव सुखी, वाईट असली तर गाव उद्ध्वस्त. सज्जन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीवर म्हणूनच समाधान मानून चालत नाही.

याच काळातील एक निराळे चित्र आपल्या महाराष्ट्रात घडले, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. सोव्हिएत सत्तेने सैबेरियात हद्दपार केलेली आणि तेथून सुटलेली पोलिश कुटुंबे भारतात आली. त्यांतील सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. बहुतेक सर्व कॅथलिक. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांचा दवाखाना, त्यांची नाटके, हे सारे त्यांनी आपल्या भाषेत आणि आपल्या माणसांकरवी चालविले. ज्यांच्या देशात नगरसभेला आपला श्वासही आपल्या इच्छेने घेता येत नव्हता, त्यांना परमुलखात, पंचगंगेच्या खोऱ्यात, घर चालविण्याची मोकळीक मिळाली. यजमानांनी त्या मोकळिकीच्या बदल्यात याद्या मागितल्या नाहीत. फरक तेवढाच, पण तो सर्व काही आहे.

स्थानिक स्वायत्ततेचा विचार ख्रिस्तसभेने सूत्ररूपाने मांडला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी प्रसृत केलेल्या विश्वपत्रात असे प्रतिपादन आहे की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेणे अन्यायाचे होय. मोठ्याचे काम लहानाला साहाय्य करण्याचे. त्या पत्राचा मसुदा सिद्ध करण्यात ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग या जर्मन जेझुइट धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. फॉन बिसिंग यांच्या देशातूनच हा विचार यावा, याचे आम्हांस समाधान वाटते. कोणताही समाज त्याच्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित नसतो. या तत्त्वाच्या कसोटीवर जेंकिन्स यांचा अहवाल लावून पाहिला तर त्याची उणीव एका वाक्यात सांगता येते: गावाला अधिकार आहे म्हणून नव्हे, तर गावाकडून काम करवून घेणे स्वस्त आणि शहाणपणाचे आहे म्हणून तेथे गाव राखला गेला. अधिकार ही मूळची वस्तू असते. सोय ही उसनी. उसने देणारा ते परत मागू शकतो, आणि १८५४ साली त्याने ते मागितले. तेव्हा बाकाबाईंनी विरोध केला, अर्जविनंत्या झाल्या. पण त्या विरोधाच्या मागे उभी राहील अशी एकही संस्था या मुलखात स्वतःच्या बळावर उभी नव्हती.

आपल्या जिल्ह्यातील तलावांची कथाही हेच सांगते. कोहळी समाजाने बांधलेले, पिढ्यान्‌पिढ्या गावाने राखलेले तलाव हे भंडाऱ्याचे वैभव. पाळ कोणी दुरुस्त करावी, तुडुम केव्हा उघडावे, सलंगावरून वाहून जाणारे पाणी कोणाच्या बांधीत जावे, हे गावच ठरवी. १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने मालगुजाराला गावाची मालकी दिली. तलाव त्याचा झाला आणि गावकऱ्यांकडे निस्तार हक्क उरले. १९५१ साली मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. पण तलाव गावाकडे न परतता सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे नावच 'माजी मालगुजारी तलाव' असे पडले. पुष्कळ ठिकाणी गाळ साचला, पाळी फुटल्या. कारण ज्याचे शेत त्या पाण्यावर त्याच्या हाती निर्णय नाही, आणि ज्याच्या हाती निर्णय त्याचे शेत तेथे नाही. सत्ता परकी असो वा आपली, निर्णय गावाबाहेर गेला की परिणाम फारसा वेगळा होत नाही. उलट गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला तो कोणाच्या कृपेने नव्हे. २००६ च्या कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार त्या गावाने हट्टाने मागितला आणि चालवून दाखविला.

तेव्हा अशा लिखाणाचे परीक्षण करताना आम्ही तीन प्रश्न हाताशी ठेवावेत असे सुचवितो. स्थानिक कारभाऱ्याला पदावरून कोण काढू शकतो? त्याला नकार देता येतो काय, आणि दिला तर त्याचे काय होते? त्याचा हिशेब कोणापुढे वाचला जातो? जेंकिन्स यांच्या अहवालात तिन्ही प्रश्नांचे उत्तर रेसिडेन्सीकडे बोट दाखविते. मर्सिए यांच्या पत्रात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धैर्याने दिलेले आहे. पहिल्या आणि तिसऱ्याकडे मात्र त्यांनी पुरेसे पाहिले नाही, आणि म्हणून फ्लेमिश शेतकऱ्याचा आवाज त्यांच्या पत्रात ऐकू येत नाही.

हे प्रश्न इतिहासापुरते ठेवण्याचे कारण नाही. आपल्या ग्रामपंचायतींना १९९३ पासून घटनेचा आधार आहे. तरी ग्रामसभेच्या दिवशी किती घरे रिकामी होतात? जवाहरनगरसारख्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्या आम्हां लोकांना तर पाणी, रस्ता, दिवा वरून मिळण्याची सवय. कारभार नीट चालला की आपला त्याच्याशी संबंध काय, असे वाटू लागते. आपल्या धर्मग्रामातही पाळकीय मंडळाचे मत कायद्याने सल्ल्यापुरतेच असते. पण सल्ला देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याने तो मनापासून आणि निर्भयपणे द्यावा, हिशेब मागावा, आणि धर्मगुरूंनी तो आनंदाने द्यावा, यात श्रद्धेला बाध येत नाही. उलट घर आपले असल्याची ती खूण आहे.

असो. जेंकिन्स यांचा ग्रंथ ग्रंथालयात असावा, अभ्यासला जावा. भंडाऱ्याच्या मातीची इतकी काळजीपूर्वक नोंद त्या काळी दुसऱ्या कोणी केली नाही. मर्सिए यांचे पत्रही मराठीत यावयास हवे, त्याच्या उणिवांवरील टीपांसह. पहिला वाचून चांगला अधिकारी कसा असतो हे कळेल. दुसरे वाचून, अधिकारी चांगला असो वा वाईट, आपण कोठे थांबावयाचे याचा विचार करावा लागेल. आणि तो विचार, हातात यादी मागणारा हुकूम येण्यापूर्वीच, आपल्या घरात आणि आपल्या धर्मग्रामात व्हावा हे बरे.